माळवदाखालचा आवाज : घरच्या ध्वनिकक्षातून वाचिक अभिनयाची सुरुवात करू इच्छिणाऱ्यांसाठी प्रस्तावना

मौजे तामलवाडी, तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव, अशा शब्दांत ज्या गावाची नोंद सरकारी दप्तरात आढळते, ते गाव सोलापूरहून तुळजापूरकडे निघालेल्या वाटसरूला जिल्ह्याची हद्द ओलांडल्यावर लवकरच लागते. आणि हमरस्त्याने भरधाव जाणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते टोलनाक्यापलीकडे फारसे ठाऊक नसते. परंतु आश्विनातील पौर्णिमा जवळ आली म्हणजे सोलापुरातून, आणि सोलापूरच्याही पलीकडच्या कर्नाटकाच्या सीमेवरील गावांतून, लाखो भाविक भवानीच्या दर्शनासाठी पायी निघतात आणि त्यांचा अखंड प्रवाह रात्रभर या गावावरून वाहत असतो. 'आई राजा उदो उदो' हा एकच घोष, पण कोणी तो कानडी हेलात म्हणतो, कोणी तेलुगू वळणाने, कोणी पेठेतल्या गिरणीकामगाराच्या खड्या सुरात, तर कोणी चालून चालून बसलेल्या, जवळजवळ कुजबुजत्या स्वरात. त्या रात्री माझ्या खोलीत ध्वनिमुद्रण होत नाही, होणे शक्यही नसते. यंत्र बंद करून मी ओट्यावर येऊन बसतो आणि ऐकतो. आणि दरवर्षी मला असे वाटते की, वाचिक अभिनयाची जी विद्या मी पुढील प्रकरणांत कागदावर उतरवण्याचा यत्न केला आहे, तिचा मोठा भाग या रस्त्यावरून माझ्या दारासमोरून चालत गेलेला आहे.

वाचिक अभिनय म्हणजे काय, हे प्रथम सांगितले पाहिजे, कारण या शब्दाचा अर्थ अलीकडे पुष्कळच विस्तारला आहे. भरतमुनींनी अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले. त्यांपैकी अंग आणि वेष ही दोन साधने ज्याच्याकडून काढून घेतली आहेत आणि केवळ वाणीच्या आधाराने ज्याला पात्र उभे करावयाचे आहे, तो आपला नट. जाहिरातीचे निवेदन, माहितीपटाचे कथन, परभाषेतील चित्रपटांचे डबिंग, मुलांच्या कार्टूनमधील पात्रे, बोलती पुस्तके, मोबाईलवर ऐकल्या जाणाऱ्या ध्वनिमालिका, शाळेचे ध्वनिपाठ, इतकेच काय, पण दूरध्वनीवर 'कृपया प्रतीक्षा करा' असे सांगणारी वाणी, हे सगळे आज या एकाच व्यवसायाच्या पोटात येते. आणि हे सगळे, योग्य खोली, बेताचे साहित्य आणि पुष्कळ चिकाटी यांच्या बळावर, घरी बसून करता येते. तामलवाडीसारख्या गावीसुद्धा येते, हे सांगण्यासाठीच हा उद्योग आरंभिला आहे.

एके काळी तसे नव्हते. मुंबईचे आकाशवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, पुण्याचे २ ऑक्टोबर १९५३ रोजी. आणि आमचा हा मुलूख तर १९४८ पर्यंत निजामाच्या हुकमतीखाली, ज्याचे नभोवाणी केंद्र हैदराबादेस होते व १ एप्रिल १९५० रोजी आकाशवाणीच्या ताब्यात गेले. म्हणजे येथल्या माणसाला आपला आवाज दूर पोहोचवावयाचा तर प्रथम स्वतःला दूर पोहोचवणे भाग होते. मुंबई केंद्रावरील 'पुन्हा प्रपंच' या श्रुतिकामालेत बाळ कुडतरकरांचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि प्रभाकर जोशींचे टेकाडे भावजी यांनी महाराष्ट्रातील असंख्य घरांत असे काही घर केले की, त्या तिघांना कधी पाहिलेले नसताही लोक त्यांना आपले नातलग समजत. पुणे केंद्राने १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर माडगूळकर-फडक्यांचे गीतरामायण ऐकवले, तेव्हा रेडिओला हार घालून ऐकणारी घरे होती, असे त्या पिढीतील माणसे सांगतात. आवाजाची ही प्रतिष्ठा आमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिली. तिच्यात प्रवेश मात्र ज्यांना शहरात बिऱ्हाड करता आले, स्टुडिओच्या दाराशी चार-चार तास तिष्ठता आले, त्यांनाच मिळाला. पुढे डबिंगचा धंदा वाढला, मेघना एरंडे, संकेत म्हात्रे, चेतन सशितल अशा मराठी माणसांनी त्यात नाव कमावले, तरी गुरुत्वमध्य मुंबईच्या अंधेरी-गोरेगावकडेच राहिला. तो पहिल्यांदा खरोखर हलला २०२० च्या मार्चमध्ये. देशभर टाळेबंदी झाली, स्टुडिओंना कुलपे पडली, आणि काम तर थांबेना. तेव्हा मुंबईतलेच नामांकित कलावंत आपापल्या घरी कपड्यांच्या कपाटात शिरून, अंगावर रजई घेऊन ध्वनिमुद्रण करू लागले. एकदा कपाटातील आवाज चालतो असे ठरल्यावर, ते कपाट कोणत्या गावी आहे, या प्रश्नाचे महत्त्व आपोआपच उणावले.

मात्र कपाट म्हणजे काय आणि खोली म्हणजे काय, याचा विचार प्रत्येकाने आपल्या घरापासूनच करावयाचा आहे, आणि येथे मी वाचकाचा थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण इंग्रजी पुस्तकांतून मिळणारी माहिती लाकडी भिंतींच्या, गालिचे अंथरलेल्या घरांना धरून असते, आणि आपली घरे तशी नाहीत. आमच्या भागातील जुने घर म्हणजे माळवद: दगडमातीच्या हात-दीड हात रुंदीच्या भिंती, वर लाकडी तुळया व फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. अशा खोलीत टाळी वाजवून पाहावी. टाळीचा आवाज जागच्या जागी विझतो. ओबडधोबड भिंत ध्वनिलहरींना सरळ परत पाठवीत नाही, माती त्यांचा काही अंश पिऊन टाकते, आणि भिंतीची जाडी बाहेरचा गलबला बाहेरच ठेवते. ध्वनिमुद्रणाच्या दृष्टीने इतकी अनुकूल खोली पैसे खर्चून बांधावयाची म्हटली तर जड जाईल. परंतु हे लिहिताना माझा हात अडखळतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनानंतर दमून झोपलेल्या लातूर-धाराशिवच्या गावांवर जो भूकंप कोसळला, त्यात किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत हजारो माणसे दगावली, ती मुख्यतः याच जड माळवदांखाली आणि याच दगडमातीच्या भिंतींखाली. त्यानंतर ज्याला ज्याला जमले त्याने माळवद उतरवून पत्रे घातले किंवा सिमेंटचा स्लॅब ओतला, आणि ते योग्यच केले. आवाजासाठी कोणी कमकुवत माळवदाखाली जाऊन बसावे, असे मी कदापि म्हणणार नाही. माझी स्वतःची खोली माळवदाची आहे खरी, पण तिला आतून लोखंडी आधार दिल्यावरच मी तेथे बसू लागलो. मुद्दा एवढाच की, त्या पहाटेनंतर आमच्या घरांचा आवाज बदलला. स्लॅबचे घर घुमते, कारण त्याच्या समोरासमोरच्या गुळगुळीत भिंती आणि चकचकीत फरशी शब्द एकमेकींकडे टोलवीत राहतात; पत्र्याचे घर उन्हात तडतडते आणि पावसात त्याचा नगारा होतो. आजच्या नवशिक्या कलावंताला बहुधा याच घरांत काम करावयाचे आहे, आणि त्यावरील उपाय सुदैवाने सोलापूरच्या पेठेतच मिळतो.

सोलापुरी चादर जाड असते, पण एकेरी लावून भागत नाही. ती दुहेरी करून, भिंतीला चिकटवून न लावता वीतभर अंतर राखून दोरीवर टांगली म्हणजे ती अधिक काम करते, कारण मागच्या मोकळ्या हवेमुळे थोडे खालच्या पट्टीतील ध्वनीही तिच्यात अडकतात. डोक्यावर गोधडी, पाठीमागे घोंगडी किंवा उभी केलेली गादी, पायाखाली सतरंजी, आणि शक्य असल्यास कोपऱ्यात धान्याची पोती. पाठीमागची बाजू मी मुद्दाम सांगतो, कारण लोक यंत्राच्या मागे खूप कापड लावतात आणि आपल्या पाठीमागची भिंत उघडी ठेवतात, जिच्यावर आपटून आलेला प्रतिध्वनी नेमका माइकच्या तोंडात शिरतो. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे भिंतीला डकवण्याची जी प्रथा कोठून तरी रूढ झाली आहे, तिचा उपयोग फारच अल्प. त्यात वेळ दवडू नये. आणि एक भेद पक्का ध्यानी ठेवावा: घुमणे थांबवणे निराळे आणि बाहेरचा आवाज थांबवणे निराळे. चादर घुमणे थांबवील, पण हमरस्त्यावरच्या मालमोटारींची घरघर ती अडवणार नाही. ती अडवते जाड भिंत, घट्ट बसणारे दार, रस्त्यापासून दूरचा, घराचा आतला भाग, आणि पहाटेची वेळ.

या पहाटेविषयी थोडे. तामलवाडीत पहाटे तीन ते पाच या वेळात जी शांतता असते तिला मी माझ्या भांडवलाचा सर्वांत मोठा आकडा समजतो. पाचनंतर पाण्याच्या मोटारी चालू होतात, लाउडस्पीकरवर काकड्याचे भजन लागते, गुरे हंबरतात. वीज गेलेली असली तर शेजारचा जनरेटर असतो. नवशिक्याने माइकसमोर तोंड उघडण्यापूर्वी आपल्या घराचा असा रोजनामा आठ दिवस लिहावा: कोणत्या प्रहरी कोणता आवाज, किती वेळ. बोलत्या पुस्तकांसाठी ॲमेझॉनच्या एसीएक्स या व्यवस्थेने घालून दिलेली मर्यादा अशी आहे की, कोणी बोलत नसताना खोलीचा आवाज उणे ६० डेसिबलच्या खाली असावा, सर्वोच्च टोक उणे ३ च्या वर जाऊ नये आणि सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ यांच्या दरम्यान राहावी. काम कोणाचेही असो, हे तीन आकडे जवळ ठेवावेत. पंखा चालू असताना पहिला आकडा बहुधा साधत नाही. आणि आमच्याकडच्या वैशाखात पंखा बंद करून, गोधडीखाली बसून तासभर वाचणे ही काय चीज आहे, ते ज्याने केले त्यालाच ठाऊक.

साहित्याविषयी मी थोडक्यात आटोपतो, कारण त्याची चर्चा जितकी होते तितकी त्याची योग्यता नाही. एक माइक, एक ऑडिओ इंटरफेस, कान पूर्ण झाकणारे हेडफोन, माइकपुढे पॉप फिल्टर आणि एक बरा संगणक. एवढ्याने आरंभ होतो, आणि संगणक घरी असेल तर बाकीचे सगळे एखाद्या चांगल्या उस्मानाबादी शेळीच्या किमतीच्या आसपास बसते. खोली शांत असेल तर कंडेन्सर माइक घ्यावा, त्याला इंटरफेसमधून ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. खोली रस्त्यालगत असेल तर डायनॅमिक माइक बरा, कारण तो दूरचे कमी टिपतो. तोंडापासून माइक एक वीत लांब आणि किंचित तिरका. ध्वनिमुद्रण ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रणालीवर होऊ शकते. मूळ प्रत नेहमी वेव्ह स्वरूपात ठेवावी. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एकच वाहिनी, असे मोजले तर तासाला सुमारे ५२० मेगाबाइट होतात, आणि गावच्या नेटवर ते पाठवावयास किती वेळ लागतो याचा अंदाज मुदत कबूल करण्यापूर्वी घ्यावा. यापलीकडे पहिल्या वर्षी काही विकत घेऊ नये.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. यंत्र कोणीही आणतो, पण वाचता येणे ही दुर्मीळ वस्तू आहे. नाट्यशास्त्रात पाठ्याची, म्हणजे उच्चारून सांगावयाच्या मजकुराची, जी चर्चा आहे, ती आजच्या ध्वनिकक्षात बसलेल्या माणसाने पुनःपुन्हा वाचावी अशी आहे. उर, कंठ आणि शिर ही आवाजाची तीन स्थाने. उच्च, दीप्त, मंद्र, नीच, द्रुत आणि विलंबित हे सहा अलंकार. आणि काकू दोन, साकांक्ष व निराकांक्ष. वाक्याला अजून काही हवे आहे, ते संपलेले नाही, असे ज्या स्वराने कळते तो साकांक्ष. ज्याने वाक्य पुरे झाले असे कळते तो निराकांक्ष. नवशिक्याचा सर्वसामान्य दोष हा की, तो प्रत्येक स्वल्पविरामाशी आवाज खाली आणून टेकवतो, आणि त्यामुळे लेखकाने एका श्वासात मांडलेला विचार तुकड्या-तुकड्यांनी ऐकू येतो. कोणतेही दीर्घ वाक्य घ्यावे, शेवटच्या क्रियापदापर्यंत आवाजाचे टोक वर धरून ठेवावे, आणि मगच खाली उतरावे; हा एक अभ्यास महिनाभर केला तरी ऐकणाऱ्याला निराळाच माणूस बोलतो आहे असे वाटेल.

मराठीचे म्हणून जे प्रश्न आहेत, ते तर परक्या पुस्तकांत सापडण्याचा संभवच नाही. आपल्या भाषेत महाप्राण विपुल: भाकरी, फुफाटा, खळे, धसकट, या प्रत्येक शब्दाबरोबर तोंडातून वाऱ्याचा झोत निघतो व माइकवर धक्का देऊन जातो. इंग्रजी शिकवणारे 'प' आणि 'ब' यांपासून जपावयास सांगतात. मराठी वाचणाऱ्याने 'फ' आणि 'भ' यांची अधिक धास्ती बाळगावी. 'च' आणि 'ज' यांचे दोन उच्चार लिपीत दिसत नाहीत, पण कानाला क्षणात खटकतात. 'चिंच' या एकाच शब्दात दोन्ही 'च' नांदतात, आणि 'जग' हा शब्द विश्व या अर्थी एका जिभेने व 'जगणे' या अर्थी दुसऱ्या जिभेने उच्चारावा लागतो. 'जरा' म्हणजे वार्धक्य की थोडेसे, हे वाक्य समजल्याखेरीज वाचताच येत नाही. याहून नाजूक प्रश्न अनुस्वाराचा. पुस्तकात 'केले', 'म्हटले', 'घर बांधले' असे छापलेले असते आणि आपण बोलतो 'केलं', 'म्हटलं', 'बांधलं'. वाचकाने काय करावे? माझे मत असे की, निवेदन छापील रूपात लिहिलेले असेल तर ते तसेच वाचावे, पात्रांचे बोलणे मात्र बोलीत सोडावे, आणि एकदा केलेला निर्णय ग्रंथाच्या शेवटपर्यंत मोडू नये. दोन प्रकरणांत 'केले' आणि तिसऱ्यात 'केलं' असा घोटाळा ऐकणाऱ्याचा विश्वास उडवतो.

ही विद्या आपल्या गावात नव्हती असे कोणी समजू नये. श्रावणात देवळात 'हरिविजय', 'पांडवप्रताप' लावला जाई, तेव्हा एक जण ओवी वाचीत असे आणि दुसरा अर्थ सांगत असे. ओवी वाचणाऱ्याला कोठे थांबावे हे चुकले तर अर्थ सांगणारा अडखळे, आणि सारी मंडळी मान वर करून पाहत. तुळजाभवानीच्या या परिसरात गोंधळी संबळ-तुणतुण्यावर आख्यान लावतो, तेव्हा राजा, राणी, प्रधान आणि म्हातारी ही सगळी पात्रे तो एकटा, उभ्या जागी, केवळ पट्टी, गती आणि श्वास बदलून उभी करतो; त्याचा साथीदार मध्येच हुंकार देतो, प्रश्न विचारतो, आणि त्या प्रश्नावर तो पुढचे प्रसंग बेततो. एकाच नरड्यात चार पात्रे वेगळी ठेवण्याचा जो पाठ आज शहरातील शिबिरांत शुल्क घेऊन शिकवला जातो, तो आमच्याकडे लग्नानंतरच्या गोंधळात रात्रभर फुकट चालतो. होतकरू कलावंताने तेथे पहाटेपर्यंत बसावे. मोबाईलवर मुद्रण करीत बसू नये. नुसते ऐकावे, आणि घरी आल्यावर आठवेल तितके म्हणून पाहावे.

बोलीविषयी माझे मन स्पष्ट करतो. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांच्या कथाकथनाने ग्रामीण मराठी मोठ्या डौलाने व्यासपीठावर आणली, त्यांचे ऋण कोणालाही नाकारता येणार नाही. परंतु पुढे असे झाले की, खेडूत पात्र म्हटले म्हणजे ते पश्चिम महाराष्ट्राच्या हेलातच बोलणार, असा जणू दंडक पडला. आमच्याकडचा माणूस 'काय करूलालाव?' असे विचारतो, त्याच्या बोलण्यात दखनी उर्दूचे शब्द आणि कानडीची लय सहज मिसळलेली असते, आणि हे बोलणे डबिंगमध्ये किंवा ध्वनिमालिकांत क्वचितच ऐकू येते. कळंब तालुक्यातल्या भास्कर चंदनशिवांची 'लाल चिखल' ही कथा शाळेच्या पुस्तकातून कितीतरी मुलांपर्यंत पोहोचली. ती कथा या मातीतल्या आवाजात ऐकण्याचा योग यावा, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. स्टॉकहोमची स्टोरीटेल ही संस्था २०१७ च्या अखेरीस भारतात आली ती मराठीला घेऊनच आली; बोलत्या पुस्तकांना मराठीत ऐकणारे आहेत, हे तेव्हापासून उघड आहे. तेव्हा येथल्या मुलामुलींना माझे सांगणे असे की, प्रमाण मराठी निर्दोष बोलता आलीच पाहिजे, कारण काम प्रायः तिच्यातच मिळते. पण ती शिकताना घरची बोली पुसून टाकू नये. प्रमाण भाषेतला नमुना आणि आपल्या बोलीतला नमुना, असे दोन वेगळे डेमो तयार ठेवावेत. दुसरा नमुना शहरातल्या शंभर उमेदवारांपाशी नसतो.

व्यवहाराचे प्रकरण मी या ग्रंथात सर्वांत विस्ताराने लिहिले आहे, आणि ते कोणी गाळून पुढे जाऊ नये. घरी बसून काम करणाऱ्याला देणारा दिसत नाही. दिसतो फक्त निरोप. जो काम देण्याआधी नोंदणी शुल्क, प्रशिक्षण शुल्क किंवा अनामत मागतो त्याला एक पैही देऊ नये. मोबदला कलावंताला मिळावयाचा असतो, त्याने भरावयाचा नसतो. करारनामा, निदान ईमेलवरचे स्पष्ट लेखी उत्तर, हाती असल्याखेरीज अंतिम ध्वनिफीत पाठवू नये, आणि त्यात चार बाबींचा तपशील असावा: मोबदला किती व कोणत्या मुदतीत, वापर कोठे आणि किती काळ, दुरुस्त्या किती वेळा फुकट, आणि आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रास शिकवण्यासाठी वापरला जाणार की नाही. ही शेवटची बाब मी स्वतः ठेच लागून शिकलो. एका ठिकाणी मी एकाच जाहिरातीसाठी म्हणून दिलेला आवाज पुढे मी कधी न उच्चारलेली वाक्ये बोलताना मला ऐकू आला. कागद इतका मोघम होता की, कैफियत मांडावयासही जागा नव्हती. कायदा अगदीच मुका नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ३८ व्या कलमाने कलावंताला आपल्या सादरीकरणावर पन्नास वर्षांचा हक्क दिला आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीने त्यात नाव मिळण्याचा व विकृतीस हरकत घेण्याचा नैतिक हक्क जोडला आहे. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्राने होणारी नक्कल रोखणारा अंतरिम हुकूम दिला. परंतु नामांकित गायकाला न्यायालयात जाणे परवडते, ते तामलवाडीच्या कलावंताला परवडेलच असे नाही. त्याचा वकील म्हणजे सहीपूर्वी नीट वाचलेला कागद.

उत्पन्नाविषयी मी कोणाला आशेला लावणार नाही. पहिले वर्ष बहुतेक नमुने पाठवण्यात आणि नकार ऐकण्यात जाते. माझ्या अनुभवाने, एका तासाच्या तयार बोलत्या पुस्तकामागे वाचनाचे दोन-अडीच आणि छाटणी-दुरुस्तीचे तीन-चार तास पडतात, आणि मोबदला मात्र तयार तासावरच ठरतो. शेती, दुकान किंवा नोकरी सांभाळून, पहाटेचे दोन तास याला द्यावेत, असाच माझा सल्ला आहे. धाराशिव आणि सोलापूर या दोन्ही ठिकाणी आकाशवाणीची केंद्रे आहेत. तेथे नैमित्तिक उद्घोषकांच्या चाचण्या निघतात तेव्हा अवश्य बसावे. काम मिळो न मिळो, अनोळखी माणसासमोर, घड्याळ चालू असताना वाचण्याची सवय होते. आणि अंध वाचकांसाठी पुस्तके वाचून देणाऱ्या संस्थांकडे आपण होऊन जावे. तेथे पैसा नाही. पण आपला एकेक शब्द कोणीतरी मन लावून ऐकतो आहे, ही जाणीव तेथे जितकी येते तितकी मला अन्यत्र आली नाही.

वाचकास एकच विनंती. पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी, आज रात्री घरातील सर्व निजल्यावर, हातात असलेल्या मोबाईलवरच का होईना, ज्या खोलीत बसून काम करावयाचा विचार आहे त्या खोलीतील दहा सेकंदांची शांतता मुद्रित करा, बोलू नका, हलू नका. आणि मग हेडफोन लावून, आवाज पूर्ण वाढवून ती ऐका. जे जे ऐकू येईल, घड्याळ, फ्रिज, पत्रा, कुत्रे, रस्ता, शेजाऱ्याचा खोकला, ते एका कागदावर उतरवून काढा. पहिले प्रकरण त्या कागदावरूनच सुरू होते.